एका डोळ्याचा आचारी

केहाऊ कार्व्हालोनं कॉलेजात अकाउंटन्सी घेतली ती आईच्या सांगण्यावरून, आणि ‘वंश, समाज आणि ओळख’ हा जोडविषय घेतला तो एसीच्या सांगण्यावरून. हवाई बेटावरच्या हिलो गावाची हवा अशी दमट, की भिंतीवरच्या कॅलेंडरला मार्चातच शेवाळ धरतं आणि पुढचे महिने लोक अंदाजानं काढतात. टेकडीवरच्या त्या कॉलेजात दुपारी अंग कोरडं राहील अशी खोली एकच होती, आणि त्या खोलीत, नेमक्या त्या वेळी, हा विषय चालायचा. केहाऊ पहिल्या दिवशी घाम पुसायला म्हणून शिरली ती शेवटच्या वर्षापर्यंत तिथंच बसली.

घरी ही बातमी कळली तेव्हा तिची आजी इडालिना, जिला सगळं गाव वोवो, म्हणजे पोर्तुगीजात आजी, म्हणायचं, मांडीवर परात घेऊन घेवडा सोलत होती.

“ओळख?” वोवो म्हणाली. “ती शिकायला फी भरतेस? मला विचारायचंस की! बापाकडनं पोर्तुगीज, आईकडनं हवाईयन, आणि मधे कुठंतरी एक चिनी. तो छत्र्या विकायला आला होता, म्हणाला पाऊस थांबला की निघतो. हिलोचा पाऊस तो, थांबतोय कशाला! झालं शिकून. आता ह्या शेंगा सोल.”

वोवोच्या गोष्टी गावभर प्रसिद्ध होत्या. त्यांत कुणीतरी एका डोळ्याचं असायचंच. एका डोळ्याचा शार्क, जो जन्मभर उजवीकडेच वळत राहिला म्हणून बेटाला गोल आकार आला. एका डोळ्याची कोंबडी, तिला आपली निम्मीच अंडी दिसायची, म्हणून बाकीची घरच्यांना मिळायची. एका डोळ्याचा पाद्री, ज्याला माणसाची अर्धीच पापं दिसायची, आणि म्हणून त्याच्याकडे कबुलीजबाबाला पार समुद्रापर्यंत रांग लागायची. केहाऊ ह्याच गोष्टींवर वाढली. दोन डोळ्यांची माणसं तिला लहानपणी जरा बेचवच वाटायची.

पण वोवोची सगळ्यात लाडकी गोष्ट टोपाची. बिडाचा, दोन कड्यांचा, एवढा मोठा की सुनामीच्या साली म्हणे एक शेळी त्यात बसून खाडी ओलांडून सुखरूप परत आली. वोवोची आजी पोर्तुगालच्या मदैरा बेटावरून बोटीनं निघाली, वाटेत तिनं असं काही गाणं म्हटलं की बोटीवरच्या एका डोळ्याच्या आचाऱ्याला हुंदका आवरेना आणि त्यानं आपला टोप तिला देऊन टाकला. “मदैरातनं आमच्याबरोबर आलेलं आता तेवढंच उरलंय,” वोवो म्हणायची. “तो टोप आणि माझा आवाज. आवाज तर गेला.”

तेव्हा शेवटच्या परीक्षेचं कळल्यावर केहाऊला क्षणभरही विचार करावा लागला नाही.

परीक्षा घेणाऱ्या डॉ. ओडेगार्ड मिनेसोटाहून आलेल्या. उंच, गोऱ्या, मनानं चांगल्या. आल्या आल्या एकदाच, फक्त एकदाच, कुणाच्या तरी घरात बूट घालून शिरल्या होत्या. गाव अजून त्यावर बोलत होतं.

“पेपर नाही,” त्यांनी वर्गाला सांगितलं. “प्रत्येकानं एक वस्तू आणायची. आपल्या लोकांबरोबर ह्या बेटावर आलेली. तिची गोष्ट सांगायची, ती आपली हे सांगायला घरचं एक वडीलधारं माणूस बसवायचं, आणि पुढे कार्ड ठेवायचं. वस्तू काय, कुणाची, कुठून आली. हे नीट झालं तरच जोडविषय पदवीवर लागेल.”

केहाऊच्या शेजारी बसणाऱ्या जेर्सन ऐसेकनं कपाळाला हात लावला. तो आणि त्याची आई काही वर्षांपूर्वी पॅसिफिकमधल्याच दूरच्या चुउक बेटांवरून आले होते, विमानानं.

“मी काय आणू गं?” तो कुजबुजला. “आमची सूटकेस विमान कंपनीनं हरवली. पावती आहे. पावती चालेल का?”

“आईला विचार ना.”

“आई म्हणते, तुला आणलं तेवढं बस झालं. मी स्वतःच टेबलावर चढून बसतो. कार्ड गळ्यात.”

केहाऊ हसली, पण जेर्सन तेवढं मनापासून हसला नाही. हिलोत ज्यांचे आजे-पणजे बोटीनं आले, ते विमानानं आलेल्यांकडे जरा वरूनच बघायचे. बसस्टॉपवर त्याची आई उभी असली की एखादी आंटी पर्स काखेत घट्ट धरायची. जेर्सनला ते दिसायचं.

आता टोप आणायचा होता. तो वोवोकडे नव्हता, पण त्यात विशेष काही नव्हतं. तो कधीच एका घरी नसायचा. बेटावरचा रिवाज साधा: आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, आणि आपलं भांडं तोंडानं मागायचं नाही. वोवोनं घेवड्याचं सूप करून टोप कानेशिरोंकडे पाठवला, की तो तिकडून डुकराच्या पायांचा रस्सा घेऊन आग्बायानींकडे जायचा, तिथून कारली-वांगी-भोपळा भरून केआलोहांकडे, आणि तिथून अळूत शिजवलेला ऑक्टोपस घेऊन पुन्हा वोवोच्या ओट्यावर. केहाऊला आठवतं तेव्हापासून तो असाच फिरत होता. त्या आठवड्यात तो आंटी चियो कानेशिरोकडे होता.

“आंटी, वोवोचा टोप न्यायला आलेय,” केहाऊ दारात सपाता काढता काढता म्हणाली.

आंटी चियो पंचाहत्तरीची, मूळची जपानच्या ओकिनावाची, हाडांनी चिमणीएवढी. तिनं हातातला झारा खाली ठेवला.

“कुणाचा?”

“वोवोचा. आमचा.”

“बाळ, तुझी वोवो भली बाई आहे,” आंटी चियो म्हणाली. “सत्तर वर्षं आमचा टोप वापरतेय, आम्ही कधी हूं की चूं केलं नाही. पण तो माझ्या आजोबांनी ओकिनावाहून आणलाय. बोटीवर त्यांनी सान्शिन वाजवली, ते ऐकून एक आचारी ढसाढसा रडला आणि त्यानं टोप दिला. हे मी कुणाला सांगत नाही. तुला सांगितलं कारण तू शिकतेयस.”

केहाऊनं कॉलेजच्या सवयीनं फोनवर रेकॉर्डिंग लावलं होतं. ते बंद करायचंही तिला सुचलं नाही. तिनं टोप उचलला, घाईघाईनं गाडीत ठेवला आणि तडक अंकल फेर्मिन आग्बायानींचं घर गाठलं. निदान एक साक्षीदार तरी वोवोच्या बाजूनं मिळावा म्हणून.

अंकल फेर्मिन आपल्या झुंजीच्या कोंबड्याला मांडीवर घेऊन बसले होते.

“चियो असं म्हणाली?” ते इतके हसले की कोंबडा उडून गेला. “अगं, तिला वाईट वाटू नये म्हणून आम्ही गप्प बसतो! टोप आमचा. आबांनी फिलिपिन्सच्या इलोकोसहून आणला. बोटीवर ते पत्ते खेळले, आणि आचारी हरला.”

“रडला का तो?”

“कसा रडणार? अर्धाच रडला असेल.”

केहाऊला त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही. राहता राहिले अंकल मोकू केआलोहा. त्यांचे पूर्वज बोटीनं आलेच नव्हते, ते आधीपासून इथंच होते, म्हणून ते तरी टोपावर हक्क सांगणार नाहीत अशी तिची समजूत.

अंकल मोकूंनी बियरचा डबा शांतपणे खाली ठेवला.

“राजानं दिला,” ते म्हणाले.

“कुठल्या राजानं, अंकल?”

“राजानं गं. माझ्या पणज्याला. म्हणजे राजाच्या आचाऱ्यानं दिला, राजाच्या वतीनं. बाकीचे वापरतात, वापरू देत. पाहुणे आहेत.”

“अंकल, ते शंभर वर्षांपूर्वी आलेत!”

“हो ना. म्हणूनच अजून काही बोललो नाही.”

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण संध्याकाळपर्यंत गावात बातमी पसरली की कॉलेजात टोपाचा निकाल लागणार आहे. तिघांनीही केहाऊच्या आईला फोन करून सांगितलं, आम्ही येतोय. अंकल फेर्मिननी कोट इस्त्रीला टाकला.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमधे केहाऊ जेर्सनसमोर डोकं धरून बसली.

“खरं बोलले तर वोवोची गोष्ट खोटी ठरते. तिच्याकडे मदैराचं दुसरं काही नाही रे. आणि खोटं बोलले तर ते तिघं समोर बसलेले असणार. वर कार्ड लिहायचंय. ‘कुणाची’ ह्या रकान्यात एकच नाव बसतं.”

“ऐकव बघू रेकॉर्डिंग,” जेर्सन म्हणाला. त्याला वस्तूच मिळाली नव्हती, त्यामुळे त्याच्याकडे वेळच वेळ होता.

त्यानं एकेक गोष्ट कानाशी धरून ऐकली. भाताचा घास तोंडात तसाच ठेवून तो थांबला, मागे गेला, पुन्हा ऐकलं.

“एक विचारू? तुमच्या सगळ्यांच्या देशात आचाऱ्यांना डोळ्यांचा तुटवडा होता का?”

“म्हणजे?”

“चियो आंटी शेवटी काय म्हणते ऐक. ‘बिचारा, एकाच डोळ्यानं रडला.’ फेर्मिन अंकल म्हणतात, अर्धाच रडला असेल, मग मागून सांगतात, त्या बाजूनं पत्ते दिसत नव्हते म्हणून हरला. आणि राजाचा आचारी? ‘त्याला एक डोळा नव्हता, पण राजाला चव कळली की बस.’ तीन बोटी… म्हणजे दोन बोटी आणि एक राजवाडा, आणि आचारी एकच!”

केहाऊच्या हातातला चमचा ताटात पडला.

डॉ. ओडेगार्ड वर्गात नेहमी सांगायच्या, की वेगवेगळ्या लोकांच्या तोंडून आलेल्या गोष्टीत एकच विचित्र खूण दिसली, तर गोष्ट कुठून निघाली ते शोधा. केहाऊनं ते वहीत उतरवून त्याखाली फुलं काढली होती. आता तिला एका डोळ्याचा शार्क आठवला. कोंबडी आठवली. पाद्री आठवला.

“अरे देवा,” ती म्हणाली. “वोवो!”

ती घरी गेली ती विचारायचंच असं ठरवून. वोवो आरशासमोर होती. परीक्षेच्या दिवसासाठी केस कुरळे करून घेतले होते, निळा फुलाफुलांचा झगा खुर्चीवर पसरला होता, शेजारी मोत्यांची माळ.

“कशी दिसते?” वोवोनं विचारलं.

“छान दिसतेस. वोवो, तो टोप…”

“मला माहितेय चियो काय म्हणते ते. फेर्मिन काय म्हणतो तेही माहितेय.” वोवोनं आरशातूनच तिच्याकडे पाहिलं. “तू तुला शिकवलंय तसं कर. मी येणार, पुढच्या रांगेत बसणार. माझ्यानंतर त्या टोपाची गोष्ट सांगायला तूच आहेस ना? तुझा बाप तर मधेच झोपतो.”

केहाऊनं शेजारची मोत्यांची माळ उचलली. आजीची मान एवढीशी झाली होती, आणि त्यावर ते नवे कुरळे केस. ह्या म्हातारीला आपण चार माणसांत खोटं पाडायचं? तिनं माळेचा फासा लावून दिला आणि खोलीबाहेर आली.

परीक्षेच्या दिवशी त्या गार खोलीत माणूस मावेना. टेबलांवर वस्तू मांडलेल्या: कुणाचा किमोनो, कुणाचं जपमाळेचं पाकीट, कुणाचा उसाचा कोयता. जेर्सनच्या टेबलावर विमान कंपनीची पावती होती, काचेच्या फ्रेममधे, आणि त्यामागे त्याची आई रेसी, मान खाली घालून. तिनं रिकाम्या हातानं यायचं नाही म्हणून नारळाच्या दुधातला नीरफणस आणला होता, प्लास्टिकच्या डब्यात. डब्याचं झाकण अजून कुणी उघडलं नव्हतं.

मधल्या टेबलावर टोप. काठोकाठ घेवड्याचं सूप भरलेला, कारण वोवोनं रिकामा टोप घराबाहेर काढू दिला नव्हता. केहाऊची पाळी येईपर्यंत लोकांनी वाट्या भरून घेतल्या होत्या. अंकल फेर्मिन कोटात घामाघूम होऊन तिसरी वाटी पीत होते. आंटी चियो ताठ बसली होती. अंकल मोकूंनी जागा अशी निवडली होती की टोपाचं एक कडं त्यांच्या हाताशी राहावं.

टोपापुढचं कार्ड कोरं होतं.

“कार्ड, केहाऊ,” डॉ. ओडेगार्ड हळूच म्हणाल्या.

“शेवटी लिहीन, मॅडम,” केहाऊ म्हणाली. तिनं वोवोकडे पाहिलं नाही. “आज गोष्ट मी सांगणार नाही. ज्यांचा टोप आहे तेच सांगतील. आंटी चियो, आधी तुम्ही.”

आंटी चियोनं उभं राहून सान्शिनची गोष्ट सांगितली. छान सांगितली, थोडं गुणगुणूनही दाखवलं.

“आंटी, एकच प्रश्न. आचारी दिसायला कसा होता?”

“एका डोळ्यानं आंधळा होता बिचारा.”

मग अंकल फेर्मिननी पत्त्यांचा डाव सांगितला. बदामची राणी टाकताना त्यांनी वाटीतलं सूप शेजारच्यावर सांडलं.

“अंकल, आचारी कसा होता?”

“एका डोळ्याचा…” म्हणता म्हणता अंकल फेर्मिन थांबले. त्यांनी आंटी चियोकडे पाहिलं. आंटी चियो त्यांच्याकडे आधीपासूनच पाहत होती.

खोलीत कुणीतरी फिसकन हसलं.

“मी नाही सांगत,” अंकल मोकू म्हणाले.

“अंकल, राजाचा आचारी…”

“दोन डोळ्यांचा होता!” अंकल मोकू गरजले. मग टोपाच्या कड्यावरून बोट फिरवत पुटपुटले, “एक चालत नव्हता.”

आता सगळी खोली हसत होती, आणि हसता हसता एकेक मान वळत होती. पुढच्या रांगेकडे, निळ्या झग्याकडे. वोवोनं मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरली होती.

केहाऊ पुढच्या रांगेकडे वळली. विचारलं नसतं तरी चाललं असतं. हशा झाला होता, गुण मिळाले असते. पण मग ती गोष्ट जन्मभर तिच्याजवळ अर्धीच राहिली असती. ती जवळ गेली, वोवोच्या पायाशी उकिडवी बसली.

“वोवो, तुझ्या आचाऱ्याला डोळे किती होते गं?”

वोवोनं पर्स खुर्चीखाली ठेवली.

“एक,” ती म्हणाली. “उजवा. डावा उसाच्या पात्यानं गेला होता. त्याचं नाव मानुएल. आणि तो आचारी नव्हता. मुकादम होता. माझा बाप.”

हसू विरलं.

“महायुद्धानंतरचा, उसाच्या मळ्यांतला संप. फेर्मिन, तू एवढासा होतास, तुझं नाक गळायचं. चियो, तू तेव्हाही अशीच ताठ. संपवाल्यांनी सगळ्या वस्त्यांचं मिळून एक स्वयंपाकघर घातलं. तोवर पोर्तुगीज पोर्तुगीजांत, जपानी जपान्यांत, फिलिपिनो आपल्या रांगेत. एकमेकांचा वास आला तरी नाक मुरडायचे. आता एकत्र जेवायचं, आणि भांडं नाही! रॉकेलच्या डब्यात रस्सा शिजवत होते. मला कळलं. मी सोळा वर्षांची, मुकादमाची पोर, मला तिकडे पाऊल टाकायची बंदी. आमच्या धुण्याच्या पडवीत हा टोप होता. मी तो डोक्यावर उलटा घातला आणि भर दुपारी चालत निघाले.”

“भर दुपारी?” आंटी चियो म्हणाली.

“रात्री कुत्रा भुंकायचा. चालता चालता कड जरा उचलून पाहिलं. बाप व्हरांड्यात उभा. आता टोपाला पाय फुटून चाललाय हे कुणाला दिसणार नाही? मला वाटलं, ओरडणार. तो ओरडला नाही, आत गेला नाही. नुसता वळला.” वोवोनं स्वतःचा चेहरा हळूच उजवीकडे फिरवला, डावा गाल केहाऊकडे केला. “असा. गेलेला डोळा माझ्याकडे करून उभा राहिला. मी फाटकाबाहेर पडेपर्यंत.”

अंकल फेर्मिनची वाटी हवेतच राहिली होती.

“मग मळ्याच्या सायबाला कळलं, टोप गेला. घर मळ्याचं, म्हणून टोपही मळ्याचा. शोधायला पाठवलं कुणाला? माझ्या बापालाच! घरोघरी विचार म्हणे. मोठ्या माणसांना शपथ खोटी घ्यावी लागली असती. म्हणून मी पोरांना पकडलं. एकेकाला कोपऱ्यात घेऊन एकेक गोष्ट दिली, आणि बजावलं, कुणाला सांगितलंस तर आचारी टोप परत न्यायला येईल. पोरं कशी छातीवर हात ठेवून बोलली! खरंच वाटत होतं ना त्यांना.”

“मी मुकादमाच्या घोड्यासमोर उभा राहून सांगितलं होतं,” अंकल फेर्मिन घोगऱ्या आवाजात म्हणाले. “एका डोळ्याच्या माणसाला सांगितलं, की एका डोळ्याच्या माणसानं दिला. मला वाटलं, अशी माणसं बोटीवर भरपूर असतात.”

“आचारी एका डोळ्याचा का केलास, वोवो?” केहाऊनं विचारलं.

“बापाला ऐकू जावं म्हणून. टोप कुणी दिला ते.” वोवोनं नाक पुसलं. “सायबाला त्यानं सांगितलं, ज्याचा त्याचा आहे, मळ्याचा नाही. संध्याकाळी जेवताना मला म्हणतो, ‘तो आचारी, स्वयंपाक बरा करायचा का?’ मी म्हटलं, बरा करायचा. ‘मग ठीक,’ म्हणाला. त्यावर आम्ही दोघं पुन्हा कधी बोललो नाही.”

“आणि मला मदैरा का सांगितलंस?”

“तुझ्या बापानं लहानपणी विचारलं. मुकादमाचा नातू म्हणवून घ्यायला त्याला आवडलं नसतं, ह्या गावात तर नाहीच. आणि गोष्ट जिभेवर तयारच होती.”

डॉ. ओडेगार्ड चष्मा काढून पुसत होत्या. शेवटी आंटी चियोच बोलली, कारण तिच्या डोक्यात केव्हापासून एकच गोष्ट अडकली होती.

“इडालिना, तू म्हणालीस धुण्याच्या पडवीत. तिथं हा टोप काय करत होता?”

“कपडे उकळायला होता.”

“कसले कपडे?”

“मुकादमाचे,” वोवो म्हणाली. “आतले.”

अंकल फेर्मिननी वाटीकडे पाहिलं. अंकल मोकूंनी कड्यावरचा हात काढून शर्टाला पुसला. मग आंटी चियो, जी बाई स्वतःच्या लग्नातल्या थट्टेवरही कधी हसली नव्हती म्हणतात, ती खुर्चीच्या पाठीला धरून हसायला लागली, आणि तिच्या हसण्यानं अख्खी खोली अशी सुटली की पलीकडच्या वर्गातले लोक भूकंप समजून बाहेर धावले.

“राजाचा टोप!” अंकल फेर्मिन अंकल मोकूंच्या पाठीत गुद्दे घालत होते. “राजानं दिला म्हणे!”

“तू हो गप, जुगाऱ्याच्या पोरा!”

“धुतला होता मी!” वोवो ओरडत होती. “वाळूनं घासून घासून धुतला होता!”

तिनं केहाऊच्या हातून पेन ओढून घेतलं, कार्ड पुढे ओढलं, आणि ‘कुणाची’ हा रकाना सोडून आडव्या मोठ्या अक्षरांत लिहिलं: धुतलेला. कार्ड टोपाला टेकवून ठेवलं. डॉ. ओडेगार्डनी ते वाचलं, आणि केहाऊच्या नावापुढे जे काही लिहिलं ते लिहिताना त्यांचा खांदा हलत होता. मग त्यांनी स्वतःसाठी वाटी भरून घेतली.

सूप संपत आलं. लोक वस्तू आवरायला लागले. आता टोप कुणी न्यायचा ह्यावर पुढच्या रांगेत वाद सुरू झाला होता, म्हणजे तिघंही एकमेकांना म्हणत होते, तूच ने. केहाऊनं पाहिलं तर वोवो तिथं नव्हती. ती जेर्सनच्या टेबलाशी उभी होती, आणि तिनं प्लास्टिकच्या डब्याचं झाकण उघडलं होतं.

“हे कुणी केलं?” तिनं नीरफणसाचा तुकडा तोंडात टाकत विचारलं.

“मी,” रेसी म्हणाली. बाईचा आवाज जेमतेम ऐकू आला.

“एवढं चांगलं करतेस आणि एवढ्याशा डब्यात आणतेस? चार घरांना कसं पुरणार?” वोवो वळली. “केहाऊ! तळाशी राहिलंय ते सूप तसंच राहू दे, टोप ह्यांच्या गाडीत ठेव.”

“आंटी, आम्हाला कशाला…” रेसी गडबडली.

“गाडी नाहीये आमच्याकडे,” जेर्सन म्हणाला. “बसनं आलोय.”

“मग फेर्मिन सोडेल. कोट घालून आलाय तर उपयोग होऊ दे.”

अंकल फेर्मिन आणि जेर्सननी दोन कड्यांना धरून टोप उचलला. आंटी चियो मागोमाग निघाली, रेसीला डुकराचे पाय कुठल्या खाटकाकडचे घ्यायचे ते बजावत. दाराशी वोवोनं जेर्सनची बाही धरून त्याला थांबवलं, आणि त्याच्या कानाशी झुकली.

“कुणी विचारलं तर सांग,” ती म्हणाली. “तुझ्या आजोबांनी आणला. वाटेत त्यांनी एक नाच करून दाखवला, आणि एक आचारी होता…”

“वोवो, आम्ही विमानानं आलो.”

वोवोनं जरा विचार केला.

“मग विमानात होता,” ती म्हणाली. “एका डोळ्याचा.”